दोन मापांचे राज्य आणि शासनाची पत

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. या पाळण्याची दोरी कोणती, असा प्रश्न केल्यास बहुतेक जण कापूस, सरकी, धान्याची आडत, १९०० च्या सुमारास सुरू झालेला मनमाड-हैदराबाद लोहमार्ग अशी उत्तरे देतील. ती खरीच आहेत. परंतु बाजारपेठ केवळ मालावर चालत नाही, ती पतीवर चालते, हे व्यापारी समाजास वेगळे सांगावयास नको. ज्याचा काटा सर्वांसाठी एक त्याच्या दुकानी गिऱ्हाईक पुन्हा येते. ज्याचे घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान त्याची पेढी बाहेरून कितीही भरलेली दिसो, आतून ती रिकामी होत असते. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे कमी-अधिक मापांचा व्यवहार, हा एक होय. आपल्या पूर्वजांनी ही कसोटी दुकानदारास लावली. हीच कसोटी राजसत्तेस लावली तर काय दिसते, हे पाहण्याचा प्रयत्न सदर लेखात केला आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते; आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. त्या राजवटीची अखेरची अकरा वर्षे हा आपला विषय आहे.

निजामाचे राज्य कायद्याविना चालले होते असा एक समज आपल्या भाषणांतून रूढ झालेला आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही. कायदे पुष्कळ होते. दिवाणी व फौजदारी न्यायालये होती, उच्च न्यायालय होते, जमाबंदीचे दप्तर होते, जिल्ह्यास अव्वल तालुकदार, तालुक्यास तहसीलदार आणि ठाण्यास अमीन होता. स्वतःचे नाणे होते. १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा दर जुन्या व्यापाऱ्यांच्या मुखी असे. स्वतःची जकात होती. तिला करोडगिरी म्हणत. संस्थानाच्या हद्दीत येणाऱ्या वा हद्दीबाहेर जाणाऱ्या मालावर शेकडा पाच या प्रमाणात ती आकारली जाई. वेठबिगारीस मनाई करणारे हुकूमही निघालेले होते. तेव्हा उणीव कायद्यांची नव्हती. एकच हुकूम एकासाठी दगडावरची रेघ आणि दुसऱ्यासाठी पाण्यावरची रेघ ठरत होता, हे खरे दुखणे होते.

यास काही अंशी राज्याची घडणच कारणीभूत होती. संस्थानातील सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारच्या थेट कारभाराखाली होती. उरलेली जहागीरदारांच्या आणि खुद्द निजामाच्या खासगीकडील, म्हणजे सर्फेखासच्या ताब्यात होती. एका गावचा कुणबी सरकारी सारा भरी. ओढ्यापलीकडील गावचा कुणबी जहागीरदाराच्या कारभाऱ्याची मर्जी भरी. वेठबिगारी बंद झाल्याचा हुकूम जिल्ह्याच्या कचेरीत फाईलला लागलेला असे, आणि दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान मात्र गावातील महार-मांगांच्या डोक्यावरूनच पुढच्या गावी जाई. हुकूम कोणासाठी आहे हे त्या डोक्यांना पुरते कळत होते.

परतूरची परिषद

या पार्श्वभूमीवर १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. गोविंदराव नानल हे अध्यक्ष होते. संस्थानातील मराठी भाषकांचे पहिले सार्वजनिक व्यासपीठ आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या गावी उभे राहिले, याचा अभिमान आपण जितका बाळगावयास हवा तितका बाळगत नाही, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. मुक्तिसंग्रामाच्या सोहळ्यांत हैदराबाद, औरंगाबाद, अंबाजोगाई, उमरी यांची नावे येतात. परतूरचा उल्लेख ओझरता होतो.

त्या काळी सभा भरविणे सोपे नव्हते. 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक लागू होते. त्यानुसार सभेसाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागे, आणि परवानगी देणे न देणे अंमलदाराच्या मर्जीवर होते. राजकारण बोलावयाचे नाही, संस्थानाबाहेरील वक्ता नको, अशा अटी घातल्या जात. खासगी शाळा काढण्यासही परवानगी लागे. मराठी मुलखाप्रमाणेच तेलुगू मुलखातील आंध्र महासभेनेही हे परिपत्रक रद्द करावे अशी मागणी वारंवार केली होती.

आता, सभाबंदी सर्वांस सारखी लागू असती तर लोकांनी तिला जाचक म्हटले असते, तरी तिच्यात पक्षपात आहे असे म्हटले नसते. ब्रिटिश हिंदुस्थानातही जमावबंदी होतीच. हैदराबादेत मात्र १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या सभा, मिरवणुका व शाखा यांच्या वाढीस हे परिपत्रक आड आले नाही. त्याच वेळी वाचनालयाच्या वार्षिक समारंभास परवानगी मिळविण्याकरिता गावोगावच्या मंडळींना कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, इत्तेहादचे नेते बहादूर यार जंग यांच्या भाषणांवरही पुढे निजामाने निर्बंध घातले होते. परंतु तो दरबारातील रुसवा-फुगव्याचा भाग होता; सामान्य प्रजेस त्यातून समानतेचा प्रत्यय येण्याजोगे काही नव्हते.

१९३८ साली परिषदेचे दुसरे अधिवेशन लातूर येथे झाले, आणि त्याच वर्षी या दुहेरी मापाचा कळस झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संघटना अद्याप रीतसर स्थापनही झालेली नव्हती; तिच्या स्थापनेच्या तयारीतच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, तिच्यावर बंदी घालण्यात आली. ती जातीय स्वरूपाची आहे असे कारण सांगितले गेले. जी संघटना जन्मली नाही तिच्या स्वभावाचा निवाडा झाला होता. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व परतूरचे अध्यक्ष गोविंदराव नानल यांनीच केले. स्वामी रामानंद तीर्थ यांसह अनेकांस कारावास घडला.

येथे एक बारकावा ध्यानी घेण्यासारखा आहे. परतूरच्या परिषदेत जमलेली मंडळी बंडखोर नव्हती. वकील, शिक्षक, व्यापारी, जमीनदार अशी ती शांत वृत्तीची माणसे होती. अर्ज करणे, शिष्टमंडळ नेणे, ठराव पाठविणे हा त्यांचा मार्ग होता, म्हणजेच कायद्यावर त्यांचा विश्वास शिल्लक होता. अर्ज करणारा मनुष्य राज्याचा शत्रू नसतो. एका वर्षात याच मंडळींतील काही जण तुरुंगाच्या वाटेला लागले, हे परिवर्तन कोणा बाहेरच्या चिथावणीने झाले असे तत्कालीन सरकार म्हणत राहिले. अर्ज कोणाचा मंजूर होतो आणि कोणाचा होत नाही, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते. चिथावणीसाठी तेवढे पुरेसे होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबादच्या महाविद्यालयात व उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एका पिढीतील हुशार मुले राज्याबाहेर गेली. राज्य त्या मुलांना मुकले, आणि मुले राज्यास विसरली.

लेव्हीचे माप

राजकीय हक्कांचा प्रश्न शिकलेल्या वर्गाचा होता असे घटकाभर मानू. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही आली, आणि दुहेरी माप थेट शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन उभे राहिले. शेतकऱ्याने ठराविक धान्य सरकारने ठरवून दिलेल्या, बाजारभावाहून कमी दराने सरकारास द्यावयाचे, असा तो नियम होता. युद्धकाळातील टंचाईत असा नियम करणे मुळात अन्यायाचे म्हणता येणार नाही. शहरातील गरिबाच्या तोंडी घास पडावा हा हेतू वाईट नव्हता. पण वसुली करणारे गावचे पाटील, पटवारी आणि तहसीलचे लोक होते. मोठ्या जमीनदाराच्या कोठारापाशी त्यांचा काटा थांबे, आणि त्याची तूट लहान शेतकऱ्याच्या कणगीतून भरून काढली जाई. घरी खावयास उरले नाही म्हणून त्याच शेतकऱ्याने बाजारात चढ्या भावाने धान्य विकत घ्यावयाचे, आणि ते धान्य बहुधा ज्याची लेव्ही वसूल झाली नाही त्याच्याच कोठारातून आलेले असावयाचे! तेलंगणात या तक्रारीने उग्र रूप धारण केले. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे देशमुखाच्या माणसांच्या गोळीबारात दोड्डी कोमरय्या हा तरुण ठार झाला आणि तेथून सशस्त्र लढ्याचे पर्व सुरू झाले. मराठवाड्यात तितका रक्तपात त्या वेळी झाला नाही. मात्र पुढे चळवळीने हाक दिली तेव्हा लेव्हीस नकार देणे हा तिच्या कार्यक्रमातील भाग खेड्यास सर्वांत लवकर समजला, याचे मूळ या खळ्यांवर आहे.

व्यापाऱ्यांची कोंडी निराळी होती. आपल्या जिल्ह्याच्या ईशान्येस वऱ्हाडची हद्द. जालन्याहून देऊळगाव राजा काही कोसांवर, पण तेथे राज्य दुसरे, नाणे दुसरे. जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. ऑगस्ट १९४७ मध्ये संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठी चळवळ सुरू झाली. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके मोडणे, लेव्ही न देणे असे तिचे स्वरूप होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, आणि त्यानंतर अल्पावधीतच निजाम सरकारने वटहुकूम काढून मौल्यवान धातू भारतात नेण्यास मनाई केली व भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरविले. ज्यांची उधारी-उसनवारी, सोयरिक, हुंड्या सर्व हद्दीच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या, अशा कुटुंबांनी काय करावयाचे?

धर्मनिष्ठ श्रावकाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच बिकट होता. वर उल्लेखिलेल्या पाच अतिचारांतच 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही एक आहे. राज्याचे नियम ओलांडून, विरोधी राज्यात चोरवाटेने व्यवहार करणे असा त्याचा अर्थ केला जातो. म्हणजे एकाच व्रतात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: माप खोटे ठेवू नये, आणि राज्याचा नियम मोडू नये. राज्याचेच माप खोटे असेल तर? शास्त्रकारांनी या दोहोंस एका व्रताखाली का ठेवले असावे, यावर विद्वानांनी अवश्य लिहावे. प्रस्तुत लेखकास इतके वाटते की, प्रजेकडून दुसऱ्या नियमाची अपेक्षा करणाऱ्या राजाने पहिला नियम आपल्यासही लागू आहे असे समजले पाहिजे. करोडगिरी चुकविणारे सर्वच त्या काळी देशभक्त होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. काही केवळ नफेखोर होते. परंतु नाकेदार ज्याची गाडी सोडतो आणि ज्याची अडवितो त्यांतील भेद मालाचा नसून माणसाचा आहे असे दिसू लागले की, प्रामाणिकपणे जकात भरणारा गावात मूर्ख ठरतो. कोणत्याही बाजारपेठेस ही अवस्था महागात पडते.

ठाणे आणि रझाकार

१९४८ सालच्या पूर्वार्धात जे घडले ते बहुतेकांस घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत बसत नाही. लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादचा अध्यक्ष झालेला होता आणि त्याचे रझाकार उघडपणे शस्त्रे घेऊन फिरत होते. शस्त्रांविषयीचे नियम पुस्तकात होते. ते सामान्य रयतेस लागू पडत, रझाकारास नाही. लोकांना अधिक हादरा बसला तो रझाकारांच्या हल्ल्यांहून पोलिसांच्या वर्तनाने. दरोडेखोर पूर्वीही होते. दरोडा पडला तर ठाण्यात जावयाचे ही सवय होती. ठाण्याचा शिपाईच हल्लेखोरांसोबत दिसू लागला तेव्हा जावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला.

हे केवळ चळवळीच्या बाजूचे म्हणणे नव्हते. लायक अली यांच्या मंत्रिमंडळातील मंत्री जे. व्ही. जोशी यांनी परभणी व नांदेड या जिल्ह्यांची अवस्था पाहिल्यावर राजीनामा दिला, आणि तेथे कायदा व सुव्यवस्था पार कोलमडली असून पोलीस रझाकारांना सामील आहेत असे नमूद केले. परतूर तालुका त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होता, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. दुसरी घटना वकिलांची. विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने संस्थानातील वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला आणि अत्याचारांची नोंद स्वतः ठेवण्यास आरंभ केला. ज्यांची रोजीरोटी न्यायालयावर चालते त्यांनीच न्यायालयाची पायरी सोडली. पेढीच्या मुनिमानेच पेढीत ठेव ठेवू नका असे सांगितल्यावर त्या पेढीचे दुसरे काय राहते?

तिसरी घटना सर्वांत हृदयद्रावक. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी रझाकारांवर टीका केली आणि भारतात विलीन होण्याचा पक्ष मांडला. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबाद शहरात त्यांच्यावर हल्ला झाला व ते मृत्यू पावले. त्यांचा हात तोडण्यात आला होता. राजधानीत, राजाच्या धर्माचा, राजाच्या भाषेत लिहिणारा संपादकही सुरक्षित नव्हता. दुहेरी माप आरंभी परक्यांसाठी असते, आणि त्याची सवय झाली की ते आपल्यांवरही चालते. जे मुसलमान नागरिक या काळात गप्प राहिले त्यांच्याविषयी बोलताना हे उदाहरण समोर ठेवणे न्यायाचे होईल.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. एवढ्या मोठ्या संस्थानाची सत्ता पाच दिवसांत संपली. याचे श्रेय सैन्यास आहेच. पण तत्पूर्वीच त्या सत्तेची पत गावोगाव संपलेली होती, आणि बहुसंख्य रयतेस तिच्यासाठी लढावेसे वाटण्याचे कारण उरले नव्हते.

आपल्या बहुतेक स्मरणिकांतील लेख येथे थांबतात. तसे थांबल्यास आपण स्वतःच दुसरे माप वापरल्यासारखे होईल. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व लगतच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे असंख्य लोक त्यात बळी पडले. पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून पाहणी केली. मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड येथे सर्वाधिक हानी झाली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसे गेली असे समितीने म्हटले. औरंगाबाद जिल्हा म्हणजे त्यात आपले जालना, अंबड, भोकरदनही आले. सैन्याची वर्तणूक अनेक ठिकाणी वाखाणण्याजोगी होती, पण काही ठिकाणी तसे नव्हते, असेही समितीने लिहिले. हा अहवाल सरकारने दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही.

याच अहवालात एक नोंद आहे, ती येथे मुद्दाम देतो. अनेक गावी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले. विशेषतः एकाच व्यवसायातील लोकांत ही आपुलकी दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविले, प्रसंगी स्वतःचे प्राण देऊन. ज्यांचे मागाशी मागाचे नाते होते, ज्यांनी एकाच सुतावर वर्षानुवर्षे उधारी केली होती, त्यांची आपसांतील पत दोन्ही सत्तांच्या पतीहून अधिक टिकाऊ निघाली.

नव्या राजवटीने पुष्कळ गोष्टी त्वरेने केल्या. १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द झाल्या. १९५२ च्या प्रारंभी सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि पाटलाचे मत व त्याच्या सालगड्याचे मत एकाच पेटीत, एकाच वजनाने पडले. हाली सिक्काही १९५९ मध्ये कायमचा बंद झाला. परंतु लोकांच्या मनातील संशय नाण्यासारखा ठरावीक तारखेस परत घेता येत नाही. संस्थानात सरकारी नोकरीसाठी 'मुल्की', म्हणजे स्थानिक रहिवासी, असणे जरुरीचे होते. पोलीस कारवाईनंतर बाहेरून अनेक अधिकारी व कर्मचारी आले, आणि मुल्कीचे खोटे दाखले सर्रास दिले जात आहेत अशी तक्रार उठली. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वरंगळपासून विद्यार्थ्यांचे आंदोलन सुरू झाले. सप्टेंबरच्या आरंभी हैदराबादेत सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तरुणांचे बळी गेले. मुक्तीस अद्याप चार वर्षे पूर्ण व्हावयाची होती, सरकार लोकांनी निवडलेले होते, आणि नियमही लोकांच्याच हिताचा होता. तरीही सरकारी कचेरीतून मिळालेला दाखला खरा असेल, यावर राजधानीतील विद्यार्थी विश्वास ठेवावयास तयार नव्हते. त्या गोळीबाराच्या चौकशीचे काम न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी आपला जालना त्याच हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत तो तसाच राहिला.